शालीचा वास आणि कसरीची भूक

(ऐकायच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची लय फारशी बदललेली नाही.)

इअरफोन कानात राहू द्या, पण आजचा भाग खरं तर नाकाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाची सुरुवातीची दशकं. पॅरिसमधलं एखादं उंची कापडाचं दुकान. एक बाई शाल बघतेय. रंग बघितला, कोयरी बघितली, पोत बोटांनी चाचपून बघितला. आणि मग तिनं शाल नाकाशी नेली. तो ओळखीचा मातकट, दमट वास आला तर शाल अस्सल हिंदुस्थानी. नाही आला तर फ्रान्समधलीच कुठलीतरी नक्कल.

बाई मी रंगवली, पण नाकाची गोष्ट खरी आहे. लंडनमध्ये सेप्टिमस पीस नावाचा एक अत्तरवाला होता. १८५५ मध्ये त्यानं अत्तरांच्या कलेवर एक पुस्तक काढलं आणि त्यात हा किस्सा दिला. त्याचं म्हणणं असं, की काही वर्षांपूर्वी हिंदुस्थानी शालींचे भाव आकाशाला भिडले होते आणि गिऱ्हाइकं त्या वासावरून ओळखायची. फ्रेंच कारखानदारांना विणकामाची नक्कल जमली, वास काही जमेना. शेवटी त्यांना वासाचं गुपित सापडलं. मग त्यांनी ती वनस्पतीच मागवली, घरच्या मालाला तिचा वास दिला आणि तो हिंदुस्थानी म्हणून खपवला.

ती वनस्पती म्हणजे पॅचुली. मराठीत पाच. वेणीत, गजऱ्यात मरव्याबरोबर जी सुवासिक पानं गुंफतात, त्यांतलं एक. 'पॅचुली' हे नाव तमिळमधल्या 'पच्चिलै', म्हणजे हिरवं पान, यावरून आलं असं मानतात. शालींमध्ये ही पानं घालत, ती बाईंना आवडावीत म्हणून नव्हे. शालींना कीड लागू नये म्हणून. गंमत बघा, कीटकनाशक होतं ते अस्सलपणाचा शिक्का झालं, आणि शिक्क्याचीही नक्कल झाली. पुढे हाच वास युरोपात फॅशनचा झाला. पीसला स्वतःला तो शुद्ध स्वरूपात फारसा आवडत नव्हता, आणि काही लोक त्याला जुन्या कोटांचा वास म्हणतात हेही त्यानं नोंदवून ठेवलंय.

आता प्रश्न असा, की या वासानं शाली खरंच वाचत होत्या का? कारण आज तुम्ही फोनवर 'लोकरीचे कपडे नैसर्गिक उपाय' असं शोधलंत तर कडुलिंब, लवंग, कापूर, लव्हेंडर, देवदाराचे गोळे, सगळे वासाचेच उपाय समोर येतात. आजीची शाल, आईनं विणलेला स्वेटर यांच्यावर आपण तेच उपाय करतो. म्हणून या वासांचा इतिहास जरा तपासून बघू.

आधी शत्रू कोण ते पाहू. मराठीत त्याला कसर म्हणतात. 'शालीला कसर लागली.' आपण 'कसर भरून काढली' म्हणतो ती कसर वेगळी, पण चाळण झालेली शाल हातात आली की दोन्ही अर्थ एकदम कळतात. कसर हा तसा ढोबळ शब्द आहे, पुस्तकं खाणाऱ्या किड्यालाही आपण तेच म्हणतो. लोकर खाणारी मुख्य मंडळी दोन. एक म्हणजे कपड्यांचा पतंग, पिवळसर सोनेरी, जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचा. दुसरे म्हणजे कार्पेट बीटल नावाचे बारके ठिपकेदार भुंगे.

पतंगाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. उडणारा पतंग काहीही खात नाही. त्याचं तोंड खाण्याच्या कामाचंच नसतं. तो दोन-चार आठवडे जगतो, जोडीदार शोधतो, मादी ४०-५० अंडी घालते आणि संपलं. शाल खाते ती अंड्यातून निघालेली अळी. लोकर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनते तेच आपल्या केसांत आणि नखांत असतं, आणि ते पचवणं जवळपास कुणालाच जमत नाही. या अळीच्या आतड्यात ते घट्ट बंध तोडणारी रासायनिक सोय असते. खायला भरपूर असेल आणि हवा उबदार असेल तर ती काही महिन्यांत पतंग होते. नसेल तर वर्ष, दोन वर्षंही तशीच रेटते.

आणि तिची आवड ऐका. अंधार. शांतता. थोडा दमटपणा. शिवाय घाम, आमटीचा डाग, तेलकट मान घासलेली कॉलर. नुसत्या स्वच्छ लोकरीवर ती कशीबशी वाढते, घामटलेल्या लोकरीवर जोमानं. म्हणजे 'एकदाच तर घातला होता' म्हणून न धुता कपाटात टाकलेला स्वेटर हे तिचं आवडतं ताट. एसीच्या मागे कबुतरांनी घरटं केलं असेल तर तिथली पिसंही तिला चालतात. मोठ्या शहरातल्या कपाटात ती कुठून आली याचं उत्तर पुष्कळदा खिडकीबाहेर असतं.

एक दिलासाही देऊन ठेवतो. सत्कारात मिळालेल्या शालींचा ढीग तुमच्याही घरी असेल. शाल-श्रीफळाशिवाय आपला कार्यक्रम होत नाही. त्यातल्या बहुतेक शाली अॅक्रिलिकच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात आणि कसर त्यांना तोंड लावत नाही. खात्री करायची असेल तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर लोकर. प्लास्टिकसारखा वितळून कडक गोळा झाला तर निश्चिंत झोपा.

तर, वासाचे उपाय. हे फार जुने आहेत. ग्रीक वनस्पतीतज्ज्ञ थिओफ्रास्टस इसवी सनापूर्वी ३००च्या आसपास लिहून गेला, की पर्शियाकडचं एक फळ कपड्यांत ठेवलं की कपड्यांना कीड लागत नाही. ते फळ म्हणजे महाळुंग. हो, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. रोमन लोकांचा केटो, म्हणजे आणखी शंभर-दीडशे वर्षांनी, वेगळंच सांगतो. ऑलिव्हचं तेल काढल्यावर जो कडवट काळा गाळ उरतो तो निम्मा होईपर्यंत उकळायचा आणि पेटीला तळाला, बाहेरून, पायांना, कोपऱ्यांना चोपडायचा, वाळू द्यायचा, मग कपडे ठेवायचे. मला केटोचा उपाय जास्त शहाणा वाटतो, कारण त्यात पेटी रिकामी करावी लागते आणि कोपरे पुसावे लागतात. अंडी तिथेच असतात.

आता काश्मीर. पश्मिना शाल म्हणजे चांगथांगच्या पठारावरच्या शेळ्यांची अंगाशी असलेली मऊ लोकर. तिथून लेहमार्गे श्रीनगर, तिथं कातणं, रंगवणं, विणणं. उत्तम कानी शालीला दोन-तीन विणकरांना वर्ष-दीड वर्ष सहज लागायचं. 'आइन-ए-अकबरी'त अकबर दुहेरी शाल पांघरायचा असा उल्लेख येतो, तोच दोशाला. मराठीत शालजोडी. पेशवाईत कुणाचा मान करायचा तर पागोट्याबरोबर शालजोडी द्यायची. यावरूनच 'शालजोडीतला' हा आपला खास शब्द आला. जोडा मारायचा, पण शालजोडीत गुंडाळून.

युरोपात या शालींचं वेड पसरलं ते १७९८ नंतर. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवरून परतलेल्या लोकांनी शाली नेल्या, सम्राज्ञी जोसेफिननं त्या पांघरून चित्रं काढून घेतली, आणि मग विचारूच नका. पण श्रीनगर ते पॅरिस हा प्रवास डोळ्यांसमोर आणा. डोंगर उतरून पंजाब, तिथून खाली एखाद्या बंदरापर्यंत, मग जहाजानं आफ्रिकेला वळसा. सुएझ कालवा १८६९ला उघडला, त्याआधी नुसता समुद्रप्रवासच चार ते सहा महिन्यांचा. बंद पेट्या, अंधार, दमट हवा, हलवाहलव नाही. कसरीला याहून चांगली धर्मशाळा मिळणार नाही.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. पाच ही उष्ण, दमट प्रदेशातली वनस्पती. काश्मीरच्या थंडीत ती वाढत नाही. म्हणजे पॅरिसच्या बाई ज्याला काश्मीरचा अस्सल वास समजत होत्या तो श्रीनगरचा नव्हताच. तो वाटेत, व्यापाऱ्यांच्या गोदामात चढलेला असणार. विणकराच्या घरात तो वास बहुधा कुणाला ओळखूही आला नसता.

काश्मीरचा स्वतःचा वास वेगळा होता. त्याचं नाव कुठ. आपल्याकडे कोष्ठ किंवा उपलेट. गवय्यांच्या तोंडी 'कोष्ठ-कोळिंजन' ऐकलं असेल, त्यातलं कोष्ठ. हिमालयात बरंच उंचावर वाढणारं, काटेरी जांभळ्या फुलांचं झाड, आणि कामाचं असतं त्याचं मूळ. काश्मीरमध्ये या मुळाचे तुकडे शालींच्या घड्यांत ठेवत. त्याचा वास अत्तरवाले न धुतलेल्या केसांसारखा सांगतात. एकूण शालींच्या नशिबी सुगंध नव्हताच म्हणायचा! व्यापार मात्र फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरातून निघणाऱ्या मालात कोष्ठ आहे. एकोणिसाव्या शतकात ते ढिगानं चीनला जायचं, धुपासाठी, आणि काश्मीर दरबारनं त्यावर मक्तेदारी ठेवली होती.

मूळ खणलं की झाड संपतं. हजारो वर्षांची मागणी आणि उंचावरची थोडीशी कुरणं, हिशेब कुठे जाणार ते उघड होतं. विसाव्या शतकात लाहौलमध्ये कुठची शेती सुरू झाली तरी रानातलं कुठ आटतच गेलं. १९८५ मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. आपण 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असं धरून चालतो ना, तेव्हा मला हे झाड आठवतं. एखादा ऑनलाइन दुकानदार रानातलं कोष्ठ म्हणून पुड्या विकत असेल तर घेऊ नका. शालीच्या निमित्तानं एवढं पाप नको.

आता आपल्याकडे या. मराठा दरबाराच्या अठरा कारखान्यांत एक जामदारखाना होता, म्हणजे उंची वस्त्रं आणि किमती ऐवजाचं कोठार. साध्या घरात तेच काम लाकडी पेटी करायची, नंतर पत्र्याची ट्रंक. आत काय? कडुलिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे, कापराच्या वड्या. पोथीच्या बासनातही वेखंडाचा तुकडा असायचाच.

यात कुणाचं किती खरं? कडुलिंबापासून सुरू करू, कारण त्याच्यावर आपला सगळ्यात जास्त विश्वास. कडुलिंबातलं अळ्यांना बाधणारं द्रव्य खाण्यातून किंवा थेट अंगाला लागून काम करतं. त्याची वाफ होऊन कपाटभर पसरत नाही. वाळलेली पानं घडीखाली पडून राहिली आणि अळी वर शाल खात बसली तर तिला काय फरक पडतो? वर पानांचा चुरा शालीत अडकतो तो वेगळाच. कडुलिंबाचं शेतात मोठं काम आहे, कपाटात फारसं नाही.

वेखंडाची गोष्ट निराळी. १९७७ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, की वेखंडाच्या तेलातून त्यांनी वेगळं काढलेलं द्रव्य कीटकांची प्रजननक्षमता मारतं. म्हणजे कीटक तडफडून मरत नाही, पण पुढची पिढी थांबते. आज्या बरोबर होत्या! मात्र हेच असारोन कुटुंबातलं द्रव्य माणसाच्या पोटात जाऊ नये म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंडाला खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं. तेव्हा वेखंड पुरचुंडीत बांधा, ट्रंकेत ठेवा, बाळाला चाटवू नका.

पाचेबद्दलही थोडं सांगायला हवं. लुइझियानात २००३ मध्ये तिच्या तेलाची वाळवीवर चाचणी झाली आणि वाळवी त्यापासून दूर पळाली, मेलीही. पण ते काढलेलं तेल. शालीत ठेवलेल्या पानांत ते फार थोडं असतं.

कापूर काम करतो, पण एका अटीवर. पेटी घट्ट बंद हवी आणि कापूर भरपूर हवा. उघड्याबंद कपाटात दोन वड्या ठेवल्या तर आठवड्यात हवेत जातात आणि वासाची फक्त आठवण राहते. शिवाय एक बारीक शालजोडीतला. पूजेच्या दुकानात मिळतो तो कापूर बहुतेक वेळा झाडाचा नसतोच, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो. रेणू तोच, काम तेच, पण 'नैसर्गिक' म्हणून जास्त पैसे मोजू नका. आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. कापूर गिळला तर मुलांना झटके येऊ शकतात.

या सगळ्या वासांची सगळ्यात प्रामाणिक परीक्षा झाली ती अमेरिकेत. तिथं लग्नाच्या मुलीला सुगंधी लाल सीडरच्या लाकडाची पेटी द्यायची पद्धत होती. ही पेटी कसर मारते अशी जाहिरात जोरात चालायची. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या बॅक आणि राबाक या दोघांनी पेट्यांत मुद्दाम अंडी, अळ्या, पतंग सोडून बघितले आणि १९२२ मध्ये निकाल छापला. पेटी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या मारते. मोठ्या झालेल्या अळ्या मारत नाही. अंडी मारत नाही. पतंगही मारत नाही. मग पेटीचा उपयोग आहे का? आहे. पण कपडे आत ठेवण्याआधी उन्हात टाकून, कसून ब्रश करून मोठ्या अळ्या झाडून काढल्या असतील तरच.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. कारण 'उन्हात टाकून झाडून' हे आपल्या घरांत कोण करत आलंय? पावसाळा संपला, ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं, की दसरा-दिवाळीच्या आधी ट्रंका उघडायच्या, गाद्या, रजया, शाली गच्चीवर, अंगणात, बाजेवर पसरायच्या, उलटायच्या, झटकायच्या. मराठीत त्याला किती गोड शब्द आहे बघा, कपड्यांना 'ऊन दाखवणं'. जपानमध्येही हाच रिवाज आहे, त्याला मुशीबोशी म्हणतात, शब्दशः कीड वाळवणं. ऊन दाखवलं की अळ्यांचा अंधार जातो, लोकरीतला दमटपणा जातो, झटकल्यानं अंडी गळून पडतात. कापूर आणि वेखंड हे त्यानंतरचे राखणदार. चोर घरात असताना दारावर राखणदार बसवून काय होणार?

धनगरांच्या घोंगडीकडे बघा. दख्खनी मेंढीची राठ लोकर, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेला धागा. पांघरायला, अंथरायला, पावसात डोक्यावर घ्यायला, धान्य वाळवायला, बिरोबापुढे बसायलाही तीच. रोज हलते, रोज ऊन खाते. अशा घोंगडीत अळीला संसार थाटायला वेळच मिळत नाही. तीच घोंगडी हौसेनं विकत घेऊन शहरातल्या दिवाणाच्या पोटात ठेवा, दोन पावसाळ्यांत भोकं बघा.

माझं मत विचाराल तर इतिहासात नाव झालं पानांचं आणि मुळांचं, आणि काम केलं हातांनी. कारण वास विकता येतो. पाच विकली गेली, कुठ विकलं गेलं, सीडरची पेटी विकली गेली. ऊन दाखवणं विकता येत नाही. कुणाला शालजोडी दिली हे दप्तरात सापडतं, ती उन्हात कुणी टाकली हे सहसा नाही. घराघरांत ते काम बायकांनी आणि गडीमाणसांनी केलं आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आणि म्हणूनच डांबरगोळी जिंकली. नाव बघा, किती सरळ आहे. दगडी कोळशापासून दिव्यांसाठी गॅस काढायचे तेव्हा मागे डांबर उरायचं. त्या डांबरातून निघालेल्या पांढऱ्या स्फटिकांना १८२१ मध्ये जॉन किड यानं नाव दिलं, नॅफ्थलीन. १८२६ मध्ये मायकेल फॅरडेनं त्याचं रासायनिक सूत्र काढलं. हा कचरा पुढे पैशाचा झाला. एक गोळी टाका आणि विसरा. ऊन नको, झटकणं नको, वेळ नको. ज्या घरात झटकायला माणूस उरला नव्हता तिथं ही गोळी वरदानच होती, हे मान्य करायला हवं. हाच वास पुढे स्टेशनच्या मुताऱ्यांतही आला, त्यामुळे आपल्या पिढीला हिवाळ्यातला स्वेटर घातला की प्लॅटफॉर्म आठवतो.

इथं मात्र थोडं गंभीर होतो. बाळंतविडा माहीत आहे ना? टोपडं, कुंची, लोकरीचे मोजे, झबलं. पुष्कळ घरांत थोरल्याचा बाळंतविडा धाकट्यासाठी, मग पुढच्या पिढीसाठी जपून ठेवतात. डांबरगोळ्या घालून. काही बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळीच्या वासाचे कपडे घातले, त्यात गुंडाळलं, तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. तीव्र कावीळ होऊ शकते. अशा घटना वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून नोंदल्या गेल्या आहेत. युरोपीय संघानं २००८ मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या किराणा दुकानात मिळतात. तुमच्या घरात, नात्यात बाळ येणार असेल तर जपून ठेवलेले कपडे आधी धुवा, मोकळ्या हवेत वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा, आणि वास जातच नसेल तर सरळ नवे आणा. आज्जीला वाईट वाटेल. समजवा.

मग घरी काय करायचं? मला विचारलंत तर क्रम असा. ठेवण्याआधी धुवायचं, रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य शाम्पूत, पिळायचं नाही, आडवं वाळवायचं. मग ऊन दाखवायचं, दोन्ही बाजूंनी. पश्मिना किंवा गडद रंगाची रेशमी भरतकामाची शाल असेल तर उलटी करून, थोडाच वेळ, नाहीतर रंग उडतो. शिवणी, कॉलर, खिशाचे कोपरे ब्रशनं झाडायचे. मग घट्ट झाकणाचा डबा किंवा चेनची पिशवी. त्यात वेखंड-कापराची पुरचुंडी घालायची असेल तर जरूर घाला, पण मलमलीच्या कापडात, शालीला टेकणार नाही अशी, आणि तीन-चार महिन्यांनी बदलायची. आणि अधूनमधून डबा उघडायचा. कारण नसताना उघडा, झटका, परत ठेवा.

भोकं आधीच पडली असतील, आत जाळीसारखे धागे किंवा रेतीसारखे कण दिसत असतील, तर वास बाजूला ठेवा आणि फ्रीजरकडे वळा. वस्तुसंग्रहालयं हेच करतात. कोरडा कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. अंडी, अळ्या, सगळं संपतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं. बर्फाच्या ट्रेशेजारी शाल बघून घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा. फ्रिजचा वरचा छोटा कप्पा पुरेसा थंड नसतो, एवढं तेवढं तपासा.

आणि भोक पडलेली शाल टाकून देऊ नका. उत्तर प्रदेशात बिजनोर जिल्ह्यात नजीबाबाद नावाचं गाव आहे, तिथले रफूगर पिढ्यान्‌पिढ्या जुन्या काश्मिरी शाली दुरुस्त करत आलेत. चांगला रफूगर बाहेरचा धागा शक्यतो आणत नाही. शालीच्याच काठातून, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेवरून तो धागा ओढून घेतो आणि भोकावर ताणा-बाणा पुन्हा उभा करतो. तुमच्या शहरातल्या जुन्या कापडबाजारात एखादा रफूवाला अजून बसत असेल. पुढच्या वेळी गेलात तर भोक त्याला दाखवा, आणि काम करताना त्याच्याशेजारी जरा वेळ उभे राहा.

चला, भेटू पुढच्या भागात.